नागपंचमीचं कोहळं

आषाढ वद्य ९, शके १७८६

आज आणखी दोन गळाली! बोराएवढी झाली होती. काल संध्याकाळी पाहिली तेव्हा हिरवी तुकतुकीत. आज सकाळी पिवळी पडली आणि मी वाकून बघेपर्यंत मातीत. कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल एवढा माजलाय की न्हाणीचा दगड झाकून टाकला त्याने. पानं सुपाएवढी, फुलं रोज नवी. पण फळ म्हणून एक टिकत नाही.

आत्याबाई — म्हणजे माझ्या सासूबाई, गोदाबाई — मागल्या दारातून ओरडल्या, "येलाले हात नको लावू! तुह्या हाताचं काई लागत नाई."

मी हात मागे घेतला, पण हलले नाही. हात लावायचा नाही म्हणतात, ठीक. बघायला तर कोणाची बंदी नाही?

बी मीच टोचलं होतं हे खरं. दरसाल आत्याबाई टोचतात. यंदा त्यांचे गुडघे धरले, म्हणून मृगात मी टोचलं. तेच आता धरून बसल्या आहेत. लग्नाला सात वर्षं झाली, माझी कूस उजवली नाही, तर माझ्या हातच्या वेलाचीही नाही!

काल जेवताना यांना म्हणाल्या, "औंदा हातात पैसा हाय. दिवाई होऊ दे, कौंडन्यपूरच्या जत्रंत पोरगी पाहू. आता त येलानंबी साक्ष देल्ली." यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

म्हणजे माझी सवत आता एका कोहळ्याच्या वेलावर ठरणार. संताप येतो! पण त्याहून जास्त एक प्रश्न पडलाय. ही फळं खरंच का गळत असतील?

आषाढ वद्य ११

हे कागद यांच्या कापसाच्या अडतीतून आणलेले, एका बाजूनं वापरलेले. सरकीच्या कोठीत बसून लिहिते. सरकीच्या वासानं आत्याबाईंचं डोकं चढतं, त्या इकडे येत नाहीत. अक्षर येतं ते माहेरचं, हिवरखेडचं. पंतोजी भावाला शिकवायला ओसरीवर यायचे, मी आत जात्यावर बसून ऐकायची. भाऊ विसरला, मी नाही विसरले.

परसातली वाडी आता वाडी राहिलेलीच नाही. दोन वर्षांमागं इथं वांगी, भेंडी, चवळी, दोडका, काय नव्हतं! मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेला तिथला कापूस मिळेना, आणि आमच्या अमरावतीत लोकांनी अंगणसुद्धा नांगरलं. यांनी विहिरीपर्यंत कापसाची पऱ्हाटी लावली. मी म्हटलं, खाणार काय? तर म्हणाले, "भाजी बजारातून आनू." आता बाजारात जाऊन पाहावं! माळ्यांनीही मळ्यात पऱ्हाटीच लावलीय. मागल्या बुधवारी वांग्यांसाठी दोन बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी होत्या.

उरलं काय, तर विहीर आणि तुराट्यांचं कुंपण यांच्यामधली एक पट्टी. त्यात पाच-सहा वांग्यांची झाडं, अंबाडी, कुंपणावर काकडी, आणि हा कोहळ्याचा वेल.

आषाढ वद्य १३

आत्याबाई म्हणतात, कोवळ्या फळाकडे बोट दाखवू नये, सडतं. दाखवायचंच तर बोट वाकडं करून. मी लहानपणापासून वाकडंच करत आले. आज कोणी नव्हतं. एका काकडीकडे सरळ बोट दाखवलं! चांगलं जवळ नेऊन, नखानं डिवचल्यासारखं. तिच्या शेजारचीकडे वाकडं. बघू या.

श्रावण शुद्ध २

दोन्ही काकड्या तोडल्या. दोन्ही गोड. सरळ बोटाची जरा मोठीच निघाली.

खूप हसू आलं, आणि कोणाला सांगता येईना.

श्रावण शुद्ध ३

कोहळ्याची फुलं एका जातीची नाहीत! इतकी वर्षं बघतेय, पण नीट कधी पाहिलंच नव्हतं. एक फूल लांब, सडपातळ देठावर उभं राहतं. दुसरं आखूड, वेलाला चिकटून, आणि त्याच्या बुडाशी इवलंसं कोहळं. फूल उमलायच्या आधीपासून असतं ते, हरभऱ्याएवढं, अगदी रेघांसकट. म्हणजे हे फूल पोटात फळ घेऊनच जन्माला येतं. मग ते गळतं का?

आत्याबाईंना विचारलं. त्या रोज उजाडायच्या आत टोपली घेऊन लांब देठाची सगळी फुलं तोडतात. बेसनात घोळून तळतात, यांना फार आवडतात. म्हणाल्या, "थे दांडीचं फूल वांझ रायते. त्याले कोहळं लागत नाई. उगाच येलाचं बळ खाते. तोडावं अन तयून खावं."

"वांझ" म्हणताना माझ्याकडे पाहिलं. मुद्दाम पाहिलं असं नाही. पण पाहिलं.

मी भजी वाढली.

नागपंचमी

आज चिरायचं नाही, तळायचं नाही, खणायचं नाही, तोडायचं नाही. विळी आडवी करून ठेवली, तवा पालथा. आत्याबाईंनी फुलांची टोपली खुंटीवरून काढलीच नाही. दिंडं उकडली, भिंतीवर नागोबा काढला, लाह्या वाहिल्या.

वारुळाला जाऊन आल्यावर मी मागे गेले तर काय! सगळी वाडी पिवळी. ही देठाची फुलं पूर्ण उमललेली मी आज पहिल्यांदा पाहिली. रोज ती उमलायच्या आतच टोपलीत जातात. आत एक दांडा असतो, आणि त्याच्यावर पिवळी भुकटी, बोट लावलं की येते. फळाच्या फुलात भुकटी नसते. तिथं जाड, चिकट, तीन ठिकाणी फुगलेलं काहीतरी असतं.

मधमाशा आल्या होत्या. एक देठाच्या फुलात शिरली, आत चांगली लोळली, बाहेर आली तर हळद लागल्यासारखी! तशीच उडून फळाच्या फुलात गेली. आज वेलावर फळाचं फूल एकच उमललं होतं, न्हाणीच्या दगडाजवळ. तिथून निघाली तेव्हा तिच्या अंगावरची हळद कमी झालेली.

कुंपणापलीकडून बिस्मिल्लाबी हाक मारत होती. आमची शेजारीण, अब्दुल रहीम गाडीवाल्याची बायको. "फूल में मुंडी डाल के क्या देख रई, बाई? उसमें क्या सोना गिरा?"

"माहीत नाही, पडलंही असेल," म्हटलं.

श्रावण शुद्ध १०

नागपंचमीचं फळ टिकलं! लिंबाएवढं झालंय, हिरवंगार, देठ घट्ट. त्याच्या मागून उमललेली सगळी गळाली. हे एकच राहिलं.

आत्याबाई पाया पडल्या त्याच्या. "नागोबाचा परसाद हाय," म्हणाल्या आणि देवापुढचा लाल दोरा आणून देठाला बांधला. मला दटावलं, "याच्याजवळ त फिरकूच नको."

नागोबाचा प्रसाद असेल. मी नाही म्हणत नाही. पण नागोबानं एकाच फळावर कृपा का करावी? त्या दिवशी वेगळं काय झालं होतं? लाह्या वाहिल्या त्या भिंतीपाशी. वेलापाशी वेगळं झालं ते एवढंच की त्याची फुलं कोणी तोडली नाहीत.

श्रावण शुद्ध १२

एक गोष्ट मात्र बसत नाही. आत्याबाई फुलं दरसाल तोडतात. आणि दरसाल कोहळी लागायची! गाडीभर लागायची. मग यंदाच काय झालं? त्या म्हणतात, यंदा बी तू टोचलंस. उत्तर तयारच आहे त्यांच्याकडे. माझ्याकडे नाही.

श्रावण पौर्णिमा

आज बिस्मिल्लाबीशी बोलता बोलता मिळालं! मी विचारलं, तुमच्याकडे यंदा कोहळं नाही का लावलं?

ती म्हणाली, "कहाँ लगाऊँ? इन्होंने पूरी बाड़ी में कपास बो दी. पिछले साल तीन बेलें थीं हमारी. और उधर माणिकबाई की दो. इस साल पूरे मोहल्ले में तुम्हारी अकेली बेल है."

"आणि फुलं? खायचात तुम्ही?"

"फूल कौन खाता है गे! वो तो तुम्हारे यहाँ का चोचला."

म्हणजे कुंपणाच्या पलीकडे पाच वेल होते, सगळ्यांवर देठाची फुलं तशीच राहिलेली. माशी काय, कुंपण बघून थोडीच फिरते! ती तिकडून हळद माखून यायची आणि आमच्या वेलावर उतरायची. यंदा तिकडे पऱ्हाटी. आमची फुलं टोपलीत. माशी आली तरी अंगाला लावून आणणार काय?

हे खरं असेल तर करून पाहता येईल. आत्याबाई पहाटे फुलं तोडून टोपली चुलीच्या वर ठेवतात आणि अंघोळीला जातात. तेवढा वेळ पुष्कळ झाला.

श्रावण वद्य २

केलं. टोपलीतलं एक फूल पदराखाली घेतलं, पाकळ्या सोलून टाकल्या, दांडा फळाच्या फुलात फिरवला. हळू. त्याला लाल दोरा बांधला. शेजारच्या फळाच्या फुलाला काही केलं नाही, नुसता पांढरा दोरा बांधला.

आत्याबाईंनी लाल दोरा पाहिला. रागावतील वाटलं. तर म्हणतात, "नागोबाचा दोरा बांधला का? बरं केलं." मी मान हलवली. आणखी काय करणार!

श्रावण वद्य ५

पांढऱ्या दोऱ्याचं पिवळं पडलं.

श्रावण वद्य ६

पांढऱ्याचं गळालं. लाल दोऱ्याचं आवळ्याएवढं झालंय! पुन्हा करणार. एकदा जमलं ते नशिबानंही जमू शकतं.

पोळा

चार वेळा केलं. लाल दोऱ्याचं एकही गळालं नाही. पांढऱ्याचं एकही राहिलं नाही.

बाहेर बैल सजवून नेताहेत. यांनी शिंगांना चांदीच्या शेंब्या करवल्यात, सगळा मोहल्ला बघायला लोटलाय. हेही मोठ्या ऐटीत चाललेत. मी सरकीच्या कोठीत बसून हे लिहितेय, कारण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

देठाचं फूल वांझ नाही. तो पुरुष आहे!

आणि फळाचं फूल गळतं ते त्याच्यात खोट असते म्हणून नाही. त्याच्या पोटात सगळं तयार असतं. पलीकडून जे यायला हवं ते येत नाही, म्हणून गळतं.

वाचून पाहिलं. भीती वाटली. मग पुन्हा वाचलं.

भाद्रपद शुद्ध २

बिस्मिल्लाबीला सांगितलं. कोणालातरी सांगायला हवंच होतं. ती आधी इतकी हसली की तिच्या ओढणीतल्या शेंगा सांडल्या. "या अल्ला! जिसको बाँझ बोल के तल के खा रए, वो मर्द निकला?" मग हसायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं मी कशाबद्दल बोलतेय ते.

"अपने आदमी से मत बोलना," म्हणाली. "फूल को बोलेगी तो फूल सुन लेगा. मर्द नहीं सुनता."

भाद्रपद शुद्ध ४

पण एक अडचण आहे. ती लिहून ठेवायलाच हवी. मला सोयीचं तेवढंच लिहायचं, तर मग आत्याबाईंत आणि माझ्यात फरक काय?

आत्याबाईंच्या गळ्यात चांदीचे दोन टाक आहेत, काळ्या दोऱ्यात ओवलेले. त्यांच्या मेलेल्या सवतींचे. सासऱ्यांनी तीन बायका केल्या. पहिलीला मूल नाही म्हणून दुसरी आणली, दुसरीलाही नाही म्हणून तिसरी, या आत्याबाई. आत्याबाईंना हे झाले, त्यांचा खुशाल. त्या दोघीही गेल्या. पहिली तापानं, दुसरी विहिरीत पाय घसरून, असं सांगतात. सणावारी आत्याबाई आधी टाकांना नैवेद्य दाखवतात, मग आम्ही जेवतो.

म्हणजे नवरा तोच आणि बायका तीन. दोघींना मूल नाही, तिसरीला आहे. मग खोट त्या दोघींतच होती की नाही? तसं असेल तर माझ्यातही असू शकते. वेल एक सांगतो, हे घर दुसरंच सांगतं. काय खरं?



भाद्रपद शुद्ध ९

काल महालक्ष्म्यांचं जेवण झालं. सोळा भाज्या लागतात. बाजारात मिळेनात, अर्ध्या शहरानं अंबाडी आणि चवळीवर भागवलं. आमच्याकडे मात्र कोहळं होतं! नागपंचमीचं. कोवळंच, पण ताटाएवढं.

अख्खं कोहळं बाईनं फोडायचं नसतं. पहिला घाव पुरुषाचा. हे अडतीतून येईपर्यंत ते तसंच विळीजवळ पडून, आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलेल्या. हे आले, विळ्यानं एक घाव घातला, आणि मला म्हणाले, "घे. आता तुहं राज्य." मला हसू आलं. यांच्यावर रागावून राहणं मला कधी नीट जमलंच नाही. खामगावला गेले की माझ्यासाठी काहीतरी आणतात. मागल्या खेपेला आगपेटी आणली. काडी ओढली की भक्कन पेटते! मी आठ काड्या उगाच जाळल्या, हे शेजारी बसून हसत होते. आत्याबाई म्हणाल्या, दोघंही बिघडले.

आतून कोहळं केशरी. बियांनी गच्च भरलेलं.

आश्विन शुद्ध ३

वेल लगडलाय. रोज पहाटे मी टोपलीतून एक-दोन फुलं काढते. लाल दोरा संपला, लुगड्याच्या काठातून काढला.

आणि आज काय ऐकलं! आत्याबाई माणिकबाईला सांगत होत्या, "पोरगी ठरल्यासारखीच हाय. पुंजारामची रुख्मिणी. मोठी सुलक्षनी. नुसतं तिचं नाव काय काढलं, आमचा येल भरून गेला! पाय पडाच्या आंधी लक्ष्मी आली."

मी घागर विहिरीवरच ठेवली. हसू की रडू! दोरे माझे, भीती माझी, पहाटेची झोप माझी, आणि यश त्या पोरीच्या पायांचं. वेल भरला नसता तर मी पांढऱ्या पायाची. भरला तर रुख्मिणी सुलक्षणी. माझ्याच हातांनी मी तिच्यासाठी पायघड्या घालत होते.

उद्यापासून नाही करणार. गळू देत सगळी.

आश्विन शुद्ध ४

केलं. राहवलं नाही. फळाचं फूल उमललेलं दिसलं आणि हात गेला. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

आश्विन वद्य ६

आज विहिरीवर यांना गाठलं. म्हटलं, "तुमच्या मनात आहे का ते पोरगी बघायचं?"

हे मोटेच्या दोरीला गाठ मारत होते. पक्की गाठ होती, तरी मारत होते. "माह्या मनात काईच नाई. मले तू हायेस. पन आईले नातू पायजे. तिचं मन कसं मोडू?"

"मग माझं मोडा."

"मनकर्णा, तू आशी बोलतं त..." डोळे भरून आले होते त्यांचे. एवढा मोठा अडत्या, चांदीच्या शेंब्या, आणि आईपुढे एक शब्द नाही! मला राग आला, फार राग आला, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटला. वेलाचं सगळं ओठांवर आलं होतं. बिस्मिल्लाबीची आठवण झाली. गिळलं.

कार्तिक शुद्ध ६

कौंडण्यपूरला जायची तयारी. तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी निघायचं. पोरगी जत्रेत बघायची, पसंत पडली की तिथंच सुपारी फोडायची. आत्याबाईंनी नवं लुगडं काढलंय. त्यांच्या गुडघ्याला तेल मीच चोळते. चोळताना टाक खुळखुळतात. आज विचारलं, "या दोघी कशा होत्या हो, आत्याबाई?"

"कशा म्हंजे? बायासारख्या बाया."

"तुमच्याशी बऱ्या वागायच्या?"

त्यांनी पाय ओढून घेतला. "तुले काम नाई का काई? कावून इचारून रायली?"

का विचारते, ते मलाही धड सांगता आलं नसतं.

कार्तिक शुद्ध ११

सापडले आज!

पहाटे मी वेलावर वाकले होते, एका हातात सोललेलं फूल, दातात दोरा. मागून आत्याबाई. आज त्या अंघोळीला गेल्याच नव्हत्या. एकादशी, म्हणून आधी तुळशीपाशी आल्या होत्या.

"चेटूक करतं? माह्या येलावर?"

मला वाटलं होतं, अशी वेळ आली तर माझी बोबडी वळेल. वळली नाही. उलट सगळं भडाभडा सांगितलं. देठाचं फूल दाखवलं, भुकटी दाखवली, फळाचं फूल दाखवलं. नागपंचमीला तुम्ही तोडलं नाही म्हणून ते कोहळं राहिलं, म्हटलं. हे बघा लाल दोरे, सगळे माझे. रुख्मिणीच्या पायांचं यात काही नाही. ज्याला तुम्ही वांझ म्हणता ते वांझ नाही, ते नसलं की वेल वांझ दिसतो. आणि शेवटी, थांबावं असं वाटत असतानाही, म्हटलं, "माणसातही तसंच असेल, आत्याबाई. बाईचीच खोट कशावरून?"

त्या कडाडल्या, "माह्या लेकाले बोलतं? माह्याकडं पाह्य! तुह्या सासऱ्याच्या दोघी वांझ निंगाल्या. मी तिसरी. मले खुशाल झाला का नाई? खोट बाईचीच रायते!"

हेच ते. याच ठिकाणी मी अडले होते. जे ठाऊक होतं तेच बोलले. म्हटलं, "मला त्यांचं माहीत नाही. मला वेलाचं माहीत आहे. तुम्ही दरसाल आपल्या वेलाची फुलं तोडायचात, तरी कोहळी लागायची. का? तर कुंपणापलीकडे दुसरे वेल होते. तिकडून यायचं ते. यंदा तिकडे काही नाही, म्हणून खरं काय ते दिसलं."

आत्याबाई न्हाणीच्या दगडावर बसल्या, गुडघे दुखतात म्हणून बसावं तशा नाही, कोणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तशा. मी पाणी दिलं. घेतलं नाही.

आज दिवसभर त्यांनी मला एकही काम सांगितलं नाही. शिवीसुद्धा नाही.

कार्तिक शुद्ध १२

तुळशीचं लग्न लागलं. उद्या सकाळी गाडी निघणार. आत्याबाई मंगलाष्टकांना उभ्या होत्या, पण अक्षता हातातच राहिल्या.

आज पहाटे देठाची फुलं वेलावरच होती.

कार्तिक शुद्ध १३

गाडी जुंपून तयार होती. हे धुरेवर बसलेही होते. आत्याबाई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बैल सोड, खुशाल. नाई जात मी." कावून म्हणून यांनी विचारलं. "गुडघे दुखून रायले." पुंजारामला काय सांगायचं? "सांग, आमाले पोरगी नाई करायची." हे माझ्याकडे बघत राहिले, मी यांच्याकडे.

दुपारी त्या सरकीच्या कोठीत आल्या. मी लिहीत होते, कागद झाकायला वेळच मिळाला नाही. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही टाक मुठीत धरून उभ्या होत्या.

"ह्या दोघी वांझ नोत्या, मनकर्णे. खुशाल तुह्या सासऱ्याचा नाई."

बाहेर हे बैलांना चारा टाकत होते, त्यांच्या घुंगरमाळा वाजत होत्या. मी विचारलं, "मग मी आता काय करू?"

"थे मले नको इचारू. उद्या पाळना हालला त मीबी तुले कधी काई इचारनार नाई."

फुलांची टोपली माझ्यासमोर ठेवली आणि गेल्या. रिकामी होती.